गुडघ्यावरचा हात

फ्रेडरिक्टन,
१२ सप्टेंबर १९८३

प्रिय अँब्रोझ,

आईला जाऊन आज एकवीस दिवस झाले. तू फोन करशील म्हणून मी वाट पाहिली. मग लक्षात आलं की फोनवर तू फक्त हवापाण्याचं बोलतोस आणि 'बरं, ठेवतो' म्हणून मोकळा होतोस. पत्राला 'बरं, ठेवतो' म्हणता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

मी त्रेसष्ट वर्षांची आहे. ननांच्या इस्पितळातल्या शिवणखोलीत एकतीस वर्षं डॉक्टरांचे झगे आणि मेलेल्यांच्या चादरी शिवून गेल्या वर्षी निवृत्त झाले. माझा हॉलिस जाऊन सहा वर्षं झाली. मूलबाळ नाही. माझ्या खिडकीतून नदी दिसत नाही, टायरचं दुकान दिसतं.

आई शेवटी काय म्हणाली ते तू ऐकलंस. फादर होते, तुझी डोरीन होती, निम्मी ईल पॉइंटची वस्ती दारात उभी होती. "घर फिलोमीनचं. माझ्या उजवीकडची जागाही तिचीच." ती भ्रमात होती असं कुणी म्हणालं तर त्याला सांग की त्याच दमात तिने तुला दाढी करून यायला सांगितलं होतं.

मला घरी यायचं आहे, अँब्रोझ. जिवंतपणी त्या घरात, आणि मग तिच्या शेजारी.

अडचण मला ठाऊक आहे. पाचशे वर्षांपूर्वी एक खलाशी वाट चुकला आणि इथे आधीपासून राहणाऱ्या आपल्याला इंडियन म्हणाला. ती चूक सुधारायची सोडून सरकारने तिचा कायदा केला, रजिस्टर केलं. १९४६ साली मी एका गोऱ्या माणसाशी लग्न केलं आणि ओटावातल्या कुणा कारकुनाने त्या रजिस्टरातून माझं नाव खोडलं. सकाळी चर्चमध्ये शिरताना मी इंडियन होते, बाहेर पडताना नव्हते. नवरा मेला तरी नाव परत येत नाही, हे ओटावातल्या इंडियन खात्याने मला छापील कागदावर कळवलं आहे. पण त्याच कागदाच्या शेवटी असंही लिहिलं आहे की वस्तीच्या कौन्सिलची हरकत नसेल, तर मला तिथे राहू द्यायला किंवा पुरायला खात्याचीही हरकत नाही. दोन्ही एकाच वाक्यात. काटकसरी लोक आहेत.

म्हणजे प्रश्न ओटावाचा उरला नाही. तुम्हा सहा जणांचा आहे, आणि त्या सहांत एक माझा सख्खा भाऊ आहे. विषय टेबलावर ठेव.

तुझी बहीण,
फिलोमीन

ता.क. माझं अक्षर पाहून तुला अजून पट्टी आठवते हे मला माहीत आहे. सिस्टर ॲग्नेस तुला माझी वही दाखवून झोडायची. त्याला माझा इलाज नाही.


ईल पॉइंट,
९ ऑक्टोबर १९८३

फिली,

तुझं पत्र डोरीनने मोठ्याने वाचलं. मी शाळेतल्यासारखी मान खाली घालून ऐकलं. संपल्यावर ती म्हणाली, "उभा राहा आता बाकावर." तुम्ही दोघी मिळून मला मारणार.

विषय ठेवला. मंगळवारी बैठक झाली. जमलं नाही गं. चार मतं लागतात, तीन पडली.

तू वस्तीत राहत नाहीस म्हणून सांगतो. घरासाठी यादीवर एकोणीस कुटुंबं आहेत. सगळ्यात वर रोझेला आहे. तिचा नवरा सीमेपलीकडच्या मेन राज्यात बटाटे काढायला गेला तो आलाच नाही. चार मुलं घेऊन ती बहिणीच्या स्वयंपाकघरात झोपते. आईचं घर तिला दिलं आहे. कबरीचा विषय त्याच ठरावात होता, तोही त्याच्याबरोबर पडला. वेगळा करून मांडायला हवा होता, ते माझ्या डोक्यात आलं नाही.

मनाला लावून घेऊ नकोस. तुला इथे कुणी परकी मानत नाही. येतेस, जेवतेस, सेंट ॲनच्या दिवशी मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे चालतेस. कागद काय, कागदच.

आणि हो, म्हाताऱ्या सबॅटिसचं काही खरं नाही. त्याची मुलगी विचारत होती, "फिलोमीन येईल ना गायला?" आपल्या भाषेतली ती जुनी गीतं चारही कडव्यांसकट आता तुलाच येतात. मी म्हटलं, "येईल की. ती काय पहिल्यांदा येते आहे?" निरोप आला की बसमध्ये बस. मी थांब्यावर गाडी घेऊन येतो.

तुझा,
अँब्रोझ


फ्रेडरिक्टन,
१६ ऑक्टोबर १९८३

प्रिय अँब्रोझ,

त्या तिघांत तू आहेस हे मी धरून चालले आहे, म्हणून आधी आभार. तू एकटा किती भांडणार?

पण तुझ्या कौन्सिलला माझा निरोप दे. शब्द बदलू नकोस.

गेल्या बावीस वर्षांत ईल पॉइंटवर जितकी माणसं मेली, त्यांतल्या एकूण एकापाशी मी बसले आहे. बर्फात आले, ताप अंगात घेऊन आले. हॉलिसच्या आजारपणात त्याला शेजारणीवर टाकून आले. ज्यांनी हात वर केले नाहीत, त्यांच्या आयांना मी गाऊन पोचवलं आहे. तेव्हा मी कोण होते? तेव्हा कुणी रजिस्टर काढून पाहिलं नाही. मेलेल्याला मातीपर्यंत न्यायला मी तुमची, आणि मातीत जायची वेळ आली की मिसेस क्रोकर, फ्रेडरिक्टन.

डोरीनबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण कायदा काय म्हणतो ते म्हणू दे. पलीकडच्या गावातल्या आयरिश खाटकाची मुलगी, लाल केस, तुझ्याशी लग्न केलं आणि ओटावाने तिला इंडियन केलं. नंबर दिला, घर दिलं, स्मशानात जागा दिली. तुझं बायकोवर प्रेम बसलं तर आपल्यात एक माणूस वाढतं. माझं नवऱ्यावर बसलं तर एक कमी होतं. हा हिशेब सिस्टर ॲग्नेसला दाखवला असता तर तिने पट्टीच काढली असती.

तर निरोप असा: मी आता गाणार नाही. सबॅटिसला नाही, कुणालाच नाही. ज्या जमिनीत मला जागा नाही, तिथे मी कुणाला पोचवायला येणार नाही. आईची शपथ.

फिलोमीन


ईल पॉइंट,
२७ नोव्हेंबर १९८३

फिली,

सबॅटिसला सोमवारी पुरलं. तू आली नाहीस. त्याच्या मुलीने ऑगस्टमध्ये आईच्या अंत्यविधीला केलेली टेप लावली, तुझ्याच आवाजातली. मध्येच टेप अडकली. लोक भिंतीकडे बघत बसले. तुला हेच हवं होतं का?

तू मला कायदा शिकवतेस, तर थोडं माझंही ऐक. कायदा घाणेरडा आहे, मान्य. पण आठव, १९६९ साली ओटावातले शहाणे असंच गोड बोलत आले होते. सगळे नागरिक समान, म्हणाले. वेगळं रजिस्टर नको, वेगळी वस्ती नको, करार नकोत. समानतेच्या नावाने आपल्या पायाखालची जमीन काढून घ्यायला निघाले होते. आपण भांडलो म्हणून वाचली. तेव्हापासून 'समान हक्क' ऐकलं की मी खिसा चाचपतो.

आता तुम्ही बायका ओटावाला सांगता, आम्हाला परत घ्या. ओटावा म्हणेल, घेतलं. म्हणजे कोण आपलं हे पुन्हा ओटावाच ठरवणार! आज तुला घेईल, उद्या हजार जणांना घेईल, त्यांच्या नवऱ्यांना आणि नातवंडांना घेईल, आणि जमीन एक वीतभरसुद्धा वाढवून देणार नाही. आपलं कोण हे आपण ठरवायचं, फिली. आपण. चुकलो तरी आपण. एवढा एकच हक्क शिल्लक आहे, तोही सरकारच्या हातात दिला तर आपण इथे फक्त भाडेकरू.

डोरीनला मध्ये आणायचं काही कारण नव्हतं. तिने तुझं पत्र वाचलं. तेव्हापासून केसांना रुमाल बांधून फिरते आहे.

अँब्रोझ


ईल पॉइंट,
६ फेब्रुवारी १९८४

प्रिय फिलोमीन,

हे पत्र अँब्रोझला न सांगता लिहिते आहे. तो बर्फात भोक पाडून मासे धरायला गेला आहे, म्हणजे मासे नाहीत, सर्दी तेवढी घेऊन येईल.

तू त्याचे आभार मानलेस ते वाचल्यापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही. तीन महिने वाट पाहिली की तो स्वतः सांगेल. सांगत नाही. तर ऐक. त्या बैठकीला मी चहा द्यायला होते. तीन हात वर गेले. दोन खाली राहिले, त्यांनी तोंडावर सांगितलं की नको. मग सगळे अँब्रोझकडे पाहायला लागले. त्याचा हात गुडघ्यावर होता. किटली हातात घेऊन मी उभी, मनात म्हणते, उचल, उचल. त्याने उचलला नाही. नाही असंही म्हणाला नाही. घरी येताना म्हणाला, "सख्ख्या बहिणीसाठी हात वर करणं बरं दिसलं नसतं." मी म्हटलं, "आणि न करणं फार देखणं दिसलं!" दोन दिवस बोललो नाही.

तो वाईट माणूस नाही. तुला माहीत आहे, माझ्या आधीपासून. रोझेलाच्या मुलांचे ओले बूट त्याच्या डोळ्यांसमोर होते आणि तूही होतीस, आणि तो मधल्या मध्ये बसून राहिला.

रजिस्टरातलं माझं नाव परत करता येतं का, म्हणून मी खात्याच्या कचेरीत जाऊन आले. म्हटलं, माझं काढा आणि माझ्या नणंदेचं घाला. तिथला तरुण मुलगा हसला. म्हणाला, "बाई, तुमच्या एकटीचं काढायचा फॉर्मच नाही. नवऱ्याने स्वतःचं काढलं तर तुमचं आपोआप निघतं." इंडियन केलं तेव्हा मला विचारलं नव्हतं, आणि काढायलाही माझी सही चालत नाही.

आता माझं काम. मला ते गीत शिकव, शेवटचं, माती टाकताना म्हणतात ते. शब्द लिहून पाठव, मी पाठ करीन. सबॅटिसच्या वेळी ती टेप अडकली तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझा उच्चार गावंढळ असेल, हसतील, हसू देत. कुणाला तरी यायला हवं. पोटाचं काहीतरी चालू आहे, त्यामुळे बसून असते, पाठ करायला वेळ आहे.

तुझी,
डोरीन


फ्रेडरिक्टन,
१३ फेब्रुवारी १९८४

डोरीन,

हे मला त्याने सांगायला हवं होतं. तुला चोंबडेपणा कुणी सांगितला होता?

माझं नाव तुझ्याकडे आहे. माझ्या वस्तीत तुझं घर आहे. माझ्या आईशेजारी उद्या तुला जागा मिळेल, कुणी हात मोजणार नाही. गीतं तेवढी माझ्यापाशी राहिली आहेत. तीही हवीत?

ती राहू देत.

फिलोमीन क्रोकर


ईल पॉइंट,
२० जून १९८४

फिली,

डोरीन गेली. ११ तारखेला, सकाळी. पोटात कॅन्सर होता. फेब्रुवारीत तिला कळलं होतं, मला एप्रिलमध्ये सांगितलं. तोवर म्हणायची, पोट बिघडलंय.

तुला कळवलं नाही. फोन तीनदा उचलला. तू आईची शपथ घेतली होतीस. बोलावलं असतं तर तुला एकतर शपथ मोडावी लागली असती, नाहीतर माझ्या तोंडावर नाही म्हणावं लागलं असतं. दोन्ही नको म्हणून मी ठेवून दिला. तुझ्यावर उपकार करतो आहे असं वाटलं. आता वाटत नाही.

मे महिन्यात तिला नदीकाठी नेलं होतं. गाळातून नेच्याचे कोंब वर आले होते. वाकवत नव्हतं, तरी गाडीतून खाली उतरून दोन मुठी खुडल्या आणि म्हणाली, "फिलोमीनला लोण्यात परतून आवडतात, तिला बसने पाठव." मी पाठवले नाहीत. बसमध्ये सुकतील म्हटलं.

आणखी एक गोष्ट म्हणाली. "मला इथे पुरू नकोस. माझ्या आईवडलांकडे ने, गावातल्या चर्चमागे. सासूबाईंच्या शेजारी फिलोमीनला राहू दे." मी वचन दिलं. ती गेल्यावर तिच्या भावाकडे गेलो. दार उघडलं, आत बोलावलं नाही. म्हणाला, "आमच्या वडलांनी तिचं नाव १९५१ सालीच टाकलं होतं. तुझ्याशी लग्न केलं तेव्हाच ती तुमची झाली. आमच्या रांगेत जागा नाही." त्याच्या मागे भिंतीवर घरातल्या सगळ्यांचे फोटो होते. मी उगाच शोधत राहिलो.

त्यामुळे तिला आईच्या उजवीकडे पुरलं. खड्डा मी आणि कौन्सिलच्या लोकांनी खणला. हात वर न करणारे ते दोघंही होते, सगळ्यात जास्त त्यांनीच खणलं.

गाणं झालं नाही. मी सुरुवात केली. दोन ओळींपुढे मला येत नाही. लोकांनी तोंड मिटून गुणगुणून शेवट केला.

त्या मताबद्दल तिने तुला लिहिलं होतं हे मला आत्ता तिच्या कपाटात तुझं उत्तर सापडलं तेव्हा कळलं.

अँब्रोझ


फ्रेडरिक्टन,
३ सप्टेंबर १९८४

प्रिय अँब्रोझ,

दहा पत्रं लिहिली आणि फाडली. यंदा सेंट ॲनच्या दिवशी मी आले नाही, तेव्हा लोक काय म्हणाले असतील ते म्हणू देत. तोंड दाखवायला जागा नव्हती.

तू कपाटात ते पत्र वाचलंस, म्हणजे लपवायला काही उरलं नाही. ती मरणाच्या दारात बसून माझ्याकडे चार कडवी मागत होती आणि मी तिला चोंबडी म्हणाले. सुंदर अक्षरात. एक शब्द खोडलेला नाही. ननांनी मला शिकवलं होतं की लिहिण्याआधी वाक्य मनात पूर्ण करावं. मी पूर्ण केलं होतं.

काल मी येऊन गेले. गावातून पायी आले, तुझ्या घरावरून गेले नाही. सबंध दुपार तिच्यापाशी बसले. चारही कडवी म्हटली, मग पहिल्यापासून पुन्हा. वाऱ्यात आवाज माझा मलाच ऐकू येत नव्हता. कुंपणापलीकडे कुणाच्यातरी गाई होत्या, त्या तेवढ्या थांबल्या. उशीर झाला आहे हे मला समजतं. मेलेल्याला शिकवता येत नाही.

जागा गेली म्हणून मी रडत नाही. ती जागा तिचीच आहे. तिचे लोक तिला म्हणाले तू आमची नाहीस, माझे लोक मला म्हणाले तू आमची नाहीस. दोघींत मिळून एक खड्डा होता, तो आधी तिला लागला.

तू मला बोलवायला हवं होतंस. मी आले असते. हे वाक्य लिहिताना मी स्वतःला तीनदा विचारलं. आले असते.

आता एकच मागते. घर नको, रोझेलाची मुलं तिथेच वाढू देत. जमीन नको. रेडिओवर म्हणतात की यंदा विधेयक अडकलं, पण पुढच्या वर्षी ओटावा कायदा बदलणार आणि आम्हा बायकांना परत घेणार. तू लिहिलं होतंस, आपलं कोण हे आपण ठरवायचं. ते पत्र मी पुष्कळदा वाचलं. तेव्हा चिडले होते, पण खरं सांगते, तुझं बरोबर आहे. मलाही ओटावाने घेतलेलं नको आहे. ओटावाला मी कुठे ओळखते?

मग ठरवा. कायदा यायच्या आत ठरवा. टेबलावर एवढंच वाक्य ठेव: 'फिलोमीन आपली आहे.' पुढे-मागे काही नको. मत घ्या. तीनच पडली तरी चालतील, एकच पडलं तरी चालेल. पण ते एक तुझं हवं, आणि लोकांनी ते पाहायला हवं.

घाई कर असं म्हणत नाही. हिवाळा आहे, वसंत आहे. पण कायद्याच्या आधी.

तुझी बहीण,
फिलोमीन


ईल पॉइंट,
५ जुलै १९८५

फिली,

झालं! रेडिओवर ऐकलंस ना? कायदा बदलला. गेल्या आठवड्यात सही झाली. लग्न करून ज्यांची नावं गेली त्या सगळ्या परत. मी शुक्रवारीच कचेरीत जाऊन तुझ्यासाठी फॉर्म आणला, सोबत जोडला आहे. जिथे फुली मारली आहे तिथे सही कर, बाकीचं मी भरलं आहे. तुझा बाप्तिस्म्याचा दाखलाही फादरकडून काढून ठेवला.

खरं सांगू? कायदा कसा झाला ते मला अजूनही पसंत नाही. आम्हाला कुणी विचारलं नाही. आता दारात रांग लागेल आणि ओटावा हात झटकेल. पण तुझ्यापुरता मी खूश आहे.

तुझा विषय मी विसरलो नव्हतो. मार्चपासून यादीत होता. दर बैठकीला माझ्या तोंडावर यायचा. पण इथे घराघरात दोन तट पडले होते, जेवणाच्या टेबलावर भांडणं. तेव्हा नको म्हणणाऱ्या त्या दोघांतला एक तर आता माझ्याबरोबर मासे धरायला येतो, डोरीन गेल्यापासून. म्हटलं, कायदा येतोच आहे, उगाच सगळ्यांची तोंडं कडू कशाला? म्हणून पुढे ढकलत राहिलो. आता मत घ्यायची गरजच उरली नाही. आपोआप गोड झालं की नाही?

तर ये. घर रोझेलाकडे आहे, पण माझ्याकडे डोरीनची शिवणाची खोली रिकामी आहे. खिडकीतून नदी दिसते. मी रंग दिला आहे, पिवळा. स्वयंपाक मी करतो, वाईट करतो. संध्याकाळी घर फार मोठं वाटतं, फिली. काल मी चहाचे दोन कप काढले.

सेंट ॲनच्या दिवशी ये ती राहायलाच ये. सामान किती आहे ते कळव, ट्रक घेऊन येतो.

तुझा,
अँब्रोझ


फ्रेडरिक्टन,
१४ जुलै १९८५

प्रिय अँब्रोझ,

फॉर्म मिळाला. सही केली, पाठवला. माझं जे घेतलं होतं ते मी परत घेणारच, त्यात मानपान नाही. ओटावातल्या त्या रजिस्टरात माझं नाव पुन्हा लिहायला कुणाला तरी पेन उचलावं लागेल, एवढंसुद्धा समाधान आहे.

तू सगळं नीट भरलं होतंस. एकच रकाना चुकला. 'नाव कमी होण्याचं कारण', तिथे तू 'गैरसमज' लिहिलंस. मी खोडून 'लग्न' लिहिलं.

रागावले नाही असं लिहिणार होते. पण खोटं लिहायची सवय नाही. नऊ महिने, अँब्रोझ. सप्टेंबरपासून जूनपर्यंत. दर महिन्याला बैठक असते. मी दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी संध्याकाळी फोनजवळ बसत होते. शेजारीण म्हणाली, "मिसेस क्रोकर, कुणाचा फोन येणार आहे?" मी म्हटलं, "भावाचा." तिला वाटलं, तू आजारी आहेस.

तू लिहिलं होतंस की आपलं कोण हे आपण ठरवायचं. चुकलो तरी आपण. मी त्यावर विश्वास ठेवला. तुझ्याकडून आजवर शिकलेली ती एकच गोष्ट. आणि ठरवायची वेळ आली तेव्हा तू ओटावाची वाट पाहत बसलास, कारण कुणाच्या तोंडाची चव बिघडू नये. १९४६ साली मला काढलं तेव्हा तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं. परवा घेतलं तेव्हाही कुणी विचारलं नाही. मधे फक्त मीच विचारलं.

तू वाईट नाहीस. डोरीनने लिहिलं होतं तसं. तू मधल्या मध्ये बसणारा माणूस आहेस, आणि तुझ्या दोन्ही बाजूंना बसलेल्या बायका उठून गेल्या. चहाच्या कपांचं वाचून मी पत्र खाली ठेवलं. पिवळा रंग चांगला दिसेल.

पण राहायला मी येणार नाही. सेंट ॲनच्या दिवशी येईन, मिरवणुकीत चालेन, तुझ्या हातचं वाईट जेवण जेवीन, आणि सव्वाचारच्या बसने परत येईन. हिवाळ्यात कुणी गेलं तर निरोप दे. गायला येईन. ती शपथ मी डोरीनच्या कबरीवर मोडून आले आहे. गीतं शिकायला कुणी तयार असेल तर त्याला पाठव, मुलगी असो, मुलगा असो, त्याचं नाव कुठल्या रजिस्टरात आहे ते मी विचारणार नाही.

आणि मी गेल्यावरचं सगळं तुलाच करायचं आहे, म्हणून आत्ताच लिहून ठेवते. मला फ्रेडरिक्टनमध्ये पुरा, टेकडीवरच्या दफनभूमीत, हॉलिसजवळ. परवा त्याच्या दगडाभोवतीचं गवत काढायला गेले होते. त्याचा थोरला भाऊ तुला आठवत असेल, लग्नात माझ्याशी एक शब्द न बोललेला. गेल्या महिन्यात तो येऊन गेला म्हणे. हॉलिसच्या नावाखाली त्याने माझं नाव कोरून घेतलं आहे. फिलोमीन, जन्म १९२०. पुढची तारीख रिकामी ठेवली आहे. मला विचारलं नव्हतं. मी त्याला फोन करून म्हटलं, "हे तू कुणाला विचारून केलंस?"

तो म्हणाला, "यात विचारायचं काय?"

फिलोमीन